कुठला बोस्कोलो?

चष्मा विसरला नसता तर ओलिंदोचा तो दिवस बरा गेला असता, आणि कदाचित पुढचेही सगळे. पण गळ ओवायचा तर चष्मा लागतो, आणि तो जिन्याखालच्या फळीवर राहिला आहे हे त्याला आमिष घेण्यात तासभर घालवल्यावर पुलाच्या वळणावर आठवलं. नोव्हेंबरचं धुकं खाडीवरून गल्ल्यांमध्ये शिरलं होतं. सायकलचं पुढचं चाक तेवढं दिसत होतं, बाकी जग गेल्यासारखंच होतं. तो परत फिरला. गल्लीत समोरच्या घरातली नोरिना वरच्या खिडकीतून सतरंजी झटकत होती. "काय रे, मासे संपले वाटतं समुद्रातले?" ती म्हणाली. "चष्मा," तो म्हणाला, आणि सायकल भिंतीला टेकवून आत शिरला. दाराआडच्या अंधारात हातानं चाचपून त्यानं चष्मा उचलला, तेवढ्यात वर त्याच्याच स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. त्या गल्लीत समोरासमोरच्या खिडक्या इतक्या जवळ आहेत की साखरेची वाटी हातोहात देता येते, मग बातमीची काय कथा. "आर्मिदा, ऐकलंस का," नोरिनाचा आवाज आला, "बोस्कोलो ओलिंदो गेला गं. इस्पितळात." आपलंच नाव ऐकून जिन्याखाली ओलिंदोला हसू आलं. बाईनं आपल्याला आत्ताच पाहिलंय, म्हणून एवढ्या बेफिकिरीनं सांगतेय. आता आर्मिदा विचारेल, कुठला? मग नोरिना सांगेल, फिओरे, तो दुसरा ओलिंदो. मग दोघी उसासे टाकतील. तो तसाच थांबला, त्या एका शब्दासाठी. आणि आर्मिदानं विचारलं, "कधी?"

"आत्ताच. अर्धा तास झाला म्हणे. पाववालीकडे कळलं."

वर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. अंगाचं ओझं तिच्यावर एकदम पडल्याचा झाला. आणि मग त्याची बायको रडली. तिची आई गेली तेव्हा ती रडली होती, मुलगी लग्न होऊन मेस्त्रेला गेली तेव्हाही रडली होती, ते दोन्ही आवाज त्याच्या ओळखीचे होते. हा त्यातला नव्हता. ओलिंदोनं चष्मा खिशात घातला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि साखळी वाजू नये म्हणून सायकल हातानं ढकलत, चोरासारखा, स्वतःच्याच गल्लीतून बाहेर पडला.

कुठला, हा या सोत्तोमारीना गावात प्रश्न नाही, श्वास आहे. इथली अर्धी माणसं बोस्कोलो, उरलेली तिओत्सो, आणि त्यातूनही जी उरतात ती या दोघांपैकी कोणाशी तरी लग्न करतात. टेलिफोनच्या पुस्तकात बोस्कोलोंची पानं एकदा सुरू झाली की बोट दुखतं पण आडनाव बदलत नाही. त्यात नावंही आजोबांचीच पुन्हा ठेवायची रीत. म्हणून प्रत्येक घराण्याच्या आडनावाला मागून एक शेपूट जोडलेलं आहे, आणि सरकारनंही हात टेकून ते ओळखपत्रावर, विजेच्या बिलावर, चारी बाजूंनी शिक्के मारून मान्य केलेलं आहे. ओलिंदोचं शेपूट मेझोपान, म्हणजे अर्धा पाव. त्याच वर्षी, त्याच रस्त्यावर जन्मलेल्या दुसऱ्या ओलिंदोचं शेपूट फिओरे, म्हणजे फूल. कोणी मेलं, कोणाला मुलगा झाला, कोणाची म्हैस न्यायालयात गेली असं जरी सांगितलं तरी पाळण्यातल्या पोरापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून आधी निघतं, कुठला? माहीत असलं तरी निघतं. आणि आर्मिदा, जी बाजारात कोबीचा गड्डा घेताना सुद्धा कुठल्या वाफ्यातला म्हणून विचारते, तिनं विचारलं नाही.

धक्क्याच्या वाटेवर मध्येच त्याला वाटलं, ती आपल्यासाठीच रडली असेल. आपण बाहेर, धुक्यात, ओल्या दगडांवर गळ टाकायला गेलेलो, साठी उलटलेला माणूस. पण हा दिलासा त्याला पुलापर्यंतसुद्धा पुरला नाही. जिचा नवरा बाहेर गेलाय ती बाई तर सगळ्यात आधी विचारेल, जीव तोडून विचारेल, कुठला, आणि देवाला म्हणेल, दुसरा असू दे. हिनं विचारलंच नाही. कारण हिला विचारायची गरज नव्हती. शेपूट न लावलेला, नुसता ओलिंदो, हिच्या डोक्यात एकच होता. आणि तो आपण नव्हतो. आपण मेझोपान. आपल्याला ओळखायला शेपूट धरावं लागतं. सदतीस वर्षं हिनं आपल्याला ओलिंदो म्हणून हाक मारली, जेवायला, भांडायला, दिवा मालव म्हणून सांगायला, आणि त्यातली एकही हाक आपली होती की नव्हती हे आता सांगणार कोण? दुसरं एखादं नाव तिच्या तोंडातून निसटलं असतं तर निदान पकडता तरी आलं असतं. इथं तीही सोय नव्हती. ती झोपेत बरळली तरी नवऱ्याचंच नाव बरळणार.

धक्क्यावर त्यानं गळ टाकला, पण चष्मा लावला नाही, आमिषही नीट लावलं नाही. पाणी दिसत नव्हतं, नुसतं दगडांना चाटल्याचं ऐकू येत होतं. त्याला शाळा आठवली. पादोव्याहून आलेला एक मास्तर होता, थंडीनं नाक कायम लाल. पहिल्याच दिवशी हजेरी घ्यायला बसला आणि बोस्कोलो म्हणाला, तर निम्मा वर्ग उठून उभा राहिला. मास्तरला वाटलं पोरं चेष्टा करतायत. एकाच्या कानशिलात बसली तेव्हा कुठे खरं काय ते निघालं. मग तो ओशाळला आणि ओशाळलेली शिकलेली माणसं करतात तसं त्यानं ज्ञान दिलं. बोस्को म्हणजे रान. बोस्कोलो म्हणजे रानातला, छोट्या रानाचा, तसंच काहीतरी. तुमचे पूर्वज कधीतरी तिकडच्या जमिनीवरच्या रानातून आले असतील, लाकूडतोडे असतील, किंवा नसतीलही, नक्की कोणालाच ठाऊक नाही. मग खिडकीबाहेर बघून तो हसला. खिडकीबाहेर वाळू होती, वाळूत गाजराचे वाफे होते, वाफ्यांपलीकडे समुद्र होता. कोट टांगण्याएवढंही झाड नव्हतं. "रान कुठाय तुमचं?" मास्तरनं विचारलं. आणि मागच्या बाकावरून फिओरे म्हणाला, "आम्हीच की." सगळा वर्ग हसला, मास्तरही हसला. ओलिंदो मेझोपानलाही तेच सुचलं होतं. अगदी तेच, पण एका श्वासानं उशिरा. हे पन्नास वर्षांत त्यानं कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगून कोण विश्वास ठेवणार.

फुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. फिओरेचा पणजोबा टोपीत फूल खोचून भाजी विकायला पूल ओलांडून किओज्जात जायचा, बायका त्याच्याकडूनच घ्यायच्या. अर्ध्या पावाच्या गोष्टी मात्र जेवढी घरं तेवढ्या. कोणी म्हणे मेझोपानांचा मूळपुरुष दुष्काळात आलेल्या प्रत्येकाला अर्धा पाव देई. कोणी म्हणे त्यानं अर्धा पाव चोरला होता. ओलिंदोच्या आजीचं म्हणणं सगळ्यात वाईट: तो जन्मला तेव्हा अर्ध्या पावाएवढाच होता, म्हणून. आडनाव माणूस निवडत नाही हे खरं, पण एकाच्या वाट्याला फूल यावं आणि दुसऱ्याच्या वाट्याला शिळ्या पावाचा तुकडा, यात देवानं थोडी लाज बाळगायला हवी होती. लग्नाआधीच्या त्या उन्हाळ्यात, किनाऱ्यावर हॉटेलं नुकती उभी राहत होती आणि शनिवारी लाकडी फळ्यांवर नाच व्हायचा, तेव्हा मुली फिओरेला हाक मारताना आडनाव, नाव काही घेत नसत. नुसतं शेपूट. फिओरे, इकडे ये. फिओरे, माझी पाळी. त्यात आर्मिदा तिओत्सोही होती, हिरव्या ठिपक्यांच्या झग्यात. तो झगा ओलिंदोला आज तिच्यापेक्षाही चांगला आठवतो. सगळा उन्हाळा ती फिओरेबरोबर नाचली. पावसाळी हवा आली आणि फिओरेनं देल्फिनाशी लग्न ठरवलं, जिच्या बापाचे वाफे रस्त्यापासून वाळूपर्यंत होते. लोक म्हणाले, फूल बरोबर खतात पडलं. ओलिंदो तेव्हा नुकताच बसवर ड्रायव्हर लागला होता. आर्मिदा रोज पुलापलीकडे शिवणकामाला जायची, त्याच्या मागच्या बाकावर बसायची. एका हिवाळ्यात त्यानं आरशातून विचारलं आणि तिनं आरशातच हो म्हटलं. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची नावं वाचली गेली, बोस्कोलो ओलिंदो आणि तिओत्सो आर्मिदा, आणि शेपूट उच्चारण्याआधी पाद्रीबुवांनी दम खाल्ला. तेवढ्या वेळात बाकांवरून एक सळसळ गेली. मग मेझोपान आलं आणि सळसळ थांबली. ती सळसळ त्याच्या कानात अजून आहे. लग्नानंतर पेटारा उघडला तर चादरींच्या, उशांच्या, टॉवेलांच्या कोपऱ्यावर ओ आणि आ ही अक्षरं एकमेकांत गुंतवून भरलेली. पांढऱ्यावर पांढरा दोरा, बारीक काम. एवढं काम एका हिवाळ्यात होत नाही, सुरुवात उन्हाळ्यातलीच असणार. त्याच्या मेव्हणीनं लग्नाच्या जेवणातच म्हणून टाकलं होतं, "आमच्या आर्मिदानं दोरा वाचवला." सगळे हसले, तोही हसला. त्या चादरींवर तो सदतीस वर्षं झोपला आहे, आणि धुऊन धुऊन चादरी विरल्या तरी अक्षरं जशीच्या तशी.

धुक्यात गळ ओढला तर आमिष गेलेलं होतं. कोणत्या माशानं नेलं ते कळलं नाही. फिओरेनं त्याचं काय काय नेलं होतं याची मोजदाद करायची म्हटलं तर हाती लागण्याजोगं एकही काही नव्हतं, हीच तर खरी चीड. लग्नानंतर फिओरे घरी कधी आला नाही. रस्त्यात भेटला तर टोपी उचलायचा, दोघांनाही, सारखीच. आर्मिदाही मान हलवायची, शेजारणीला हलवतात तेवढीच. आणि ओलिंदो मात्र त्या मान हलवण्यातला कोन घरी नेऊन आठवडाभर तपासायचा. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, इस्पितळातून त्याच्या छातीचा फोटो म्हणून एक मोठं पाकीट घरी आलं, बोस्कोलो ओलिंदो. उघडलं तर आतल्या कोपऱ्यावर फिओरे. अशा चुका इथं होतातच, कोणी मनावर घेत नाही. लग्नाच्या पत्रिका, करवसुलीच्या नोटिसा, एकदा तर ताजं कोकरू चुकीच्या बोस्कोलोकडे गेलं आणि परत येईपर्यंत शिजलं. पण त्या दिवशी ओलिंदोनं तो काळा कागद खिडकीच्या उजेडावर धरला आणि फिओरेच्या बरगड्यांमधून आत पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. आत काही दिसत नव्हतं, ढग होते. मूर्खासारखा तो तिथं आर्मिदाला शोधत होता. मग ती आली, तिनं त्याच्या हातातून कागद घेतला आणि तीही बघू लागली. "बिचाऱ्याची छाती चांगली नाही," ती म्हणाली. छातीचा फोटो जेवढा वेळ बघतात त्यापेक्षा जास्त वेळ ती बघत होती, असं त्याला तेव्हा वाटलं, आणि आज धक्क्यावर तर खात्रीच पटली. ती छाती आज बंद पडली. त्याला आनंद व्हायला हवा होता. आनंद झाला नाही याचाच त्याला धक्का बसला. फिओरे जिवंत होता तोवर म्हातारा तरी होत होता, खोकत होता, देल्फिनाच्या शिव्या खात होता. आता तो आहे तिथेच थांबणार. आता त्याला कोणी हरवू शकणार नाही.

दुपार व्हायला आली तरी घरी जायची त्याची छाती होईना. तो पुलाच्या टोकाशी असलेल्या बारमध्ये शिरला, जिथं त्याचे जुने बसवाले बसतात. गाल्दिनो तिओत्सो, जो त्याच्याच गाडीवर तिकिटं फाडायचा, त्याला बघून ग्लास हातात धरूनच उठला.

"आला का रे तू वरून? मग माझ्यासाठी पण विचारून आला असशील, जागा आहे का."

"बस, चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली लेका, सकाळपासून तिघांनी येऊन माझं सांत्वन केलं. तुझा दोस्त गेला, फार वाईट झालं. मी म्हटलं कुठला? म्हणे फिओरे. मी म्हटलं मग असं सांगा ना, माझी वाईन उतरवली तुम्ही." बारमध्ये दोघं-चौघं हसले. ओलिंदोनं खिशात हात घालून सायकलच्या किल्लीचं लोखंड बोटांनी दाबलं, मरण जवळून गेलं की सगळे दाबतात तसं. गाल्दिनोनं ते पाहिलं. "दाब, दाब. आणि वहिनी? घाबरली असेल बिचारी. तिला कोणी सांगितलं?"

"नोरिनानं."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार," ओलिंदो म्हणाला. "कुठला म्हणाली."

हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बायकोची अब्रू झाकतोय की स्वतःची, हे त्याला ठरवता येईना. गाल्दिनोनं मान डोलावली. "विचारणारच. पण बायका आज सगळ्या थोड्या थोड्या हळव्या झाल्यात हां. आमची सुद्धा. सकाळी डाळीचं भांडं धरून खिडकीशी उभी. मी म्हटलं काय गं, तुझ्याबरोबरही नाचला होता का? म्हणाली, एकदाच. एकदाच म्हणायला तिला एवढा वेळ लागला, की मी कोट घातला आणि इकडे आलो." तो मोठ्यानं हसला. त्याला काही झालं नव्हतं. ओलिंदोला त्या क्षणी गाल्दिनोचाही हेवा वाटला. बायको खिडकीशी उभी राहते, आणि हा माणूस कोट घालून वाईन प्यायला येतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन तीच डाळ खाईल. असं जगता येतं. काही लोकांना येतं. "तुझ्या बायकोनं दोरा वाचवला, माझीनं तर तोही वाचवला नाही," गाल्दिनो म्हणाला, आणि ओलिंदोनं न हसता ग्लास रिकामा केला.

बाहेर चर्चच्या भिंतीवर माणूस खळ लावून मरणाची पत्रकं चिकटवत होता. काळी चौकट, आत मोठ्या अक्षरांत बोस्कोलो ओलिंदो. त्याखाली आणखी काहीतरी बारीक होतं, चष्म्याशिवाय न दिसणारं. ओलिंदो चष्मा न लावताच उभा राहिला. आपलं नाव असं चौकटीत कसं दिसतं ते त्यानं बघून घेतलं. चांगलं दिसत होतं. भारदस्त. गल्लीतून येणाऱ्या दोन म्हाताऱ्या थबकल्या, एकदा पत्रकाकडे, एकदा त्याच्याकडे पाहून छातीवर क्रूस काढून भरभर निघून गेल्या. मग त्यानं चष्मा लावला. खालचं शेपूट उलगडलं: फिओरे. फोटो पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा होता, देल्फिनानं निवडलेला असणार, डोक्यावर सगळे केस, ओठांच्या कोपऱ्यात तेच, मागच्या बाकावरचं हसू. खाली लिहिलेलं होतं, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांना दुःखद वार्ता. सर्वांना. त्या एका शब्दात त्याची बायको आरामात बसत होती. त्याला वाटलं, आपण गेलो की असंच पत्रक लागेल, हीच चौकट, हेच नाव, आणि ते वाचून कोणीतरी विचारेल, कुठला? मेझोपान. अच्छा, तो बसवाला. आणि तेव्हा आर्मिदा काय करेल? ती एकदा रडून चुकली आहे. एका नावासाठी बाई दोनदा कशी रडेल? हा विचार इतका बाष्कळ होता हे त्याला कळत होतं, पण कळल्यानं तो जात नव्हता. त्याला तिथं, भर रस्त्यात, खळीचा ओला वास घेत, मनापासून वाटलं की सकाळी आपणच मेलो असतो तर ते रडणं आपल्या वाट्याला आलं असतं. मेलेल्या माणसाचा इतका मत्सर त्यानं तो जिवंत असतानाही केला नव्हता.

शेवटी पाय घरीच जातात. दिवे लागले होते, धुकं खाली बसलं होतं. जिना चढताना त्यानं मुद्दाम पायांचा आवाज केला. स्वयंपाकघरात घेवड्याच्या सूपचा वास होता, आणि खुर्चीच्या पाठीवर आर्मिदाचा काळा कोट ब्रशनं झाडून ठेवलेला होता. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, कडू लाल कोबी चिरत होती. सकाळी ती ज्या खुर्चीत बसली ती यातली कोणती असेल हे तो बघू लागला, आणि मग सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसला.

"सूप दोनदा गरम केलंय," ती म्हणाली. "मासे?"

"नाही मिळाले."

"गळाला आमिष लावलं होतंस?"

तिनं त्याच्यापुढे बशी ठेवली, पाव ठेवला, वाईनची बाटली ठेवली, सगळं रोजच्या जागी. त्यानं चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"फिओरे गेला, कळलं असेलच."

"हो."

"कोणी सांगितलं?"

"नोरिनानं," आर्मिदा म्हणाली. "तू जिन्याखाली उभा होतास ना, तेव्हा."

ओलिंदोच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शाळेत कॉपी करताना पकडलं तेव्हा झाल्या होत्या तशा. ती सुरी धुवायला लागली होती आणि पाठमोरीच बोलत होती. "नोरिना म्हणाली, रडतेस काय बाई, फिओरे गेला. तुझा आत्ता माझ्यासमोर खालच्या दारातून आत शिरलाय, चष्मा न्यायला. मी तशीच खाली धावले. फळीवर चष्मा नाही, दारात तू नाहीस. सपाता घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. हाकही मारली. ओलिंदो म्हणून मारली, दुसरं काय म्हणून मारणार. तीन खिडक्या उघडल्या, तू सोडून सगळे आले."

"मला ऐकू नाही आलं."

"तुला ऐकायचं ते ऐकू येतं. सगळं आयुष्य तसंच." ती वळली. तिचे डोळे सुजलेले होते, आणि ती रागावलेली होती. हा राग त्यानं दिवसभराच्या विचारांत कुठंच धरला नव्हता. "सबंध दिवस मी इथं बसलेय. माणूस जिवंत आहे आणि घरी येत नाही. हे काय वागणं झालं?"

तो म्हणणार होता, हो, चुकलं. त्याऐवजी दिवसभर घशात अडकलेलं होतं तेच बाहेर पडलं. "तू विचारलं नाहीस."

"काय?"

"कुठला, ते. सगळे विचारतात. गाल्दिनोनं विचारलं. तू विचारलं नाहीस. तू म्हणालीस, कधी."

त्याला वाटलं आता ती हसेल किंवा ओरडेल. तिनं खुर्ची ओढली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली आणि हात पुसत, एखाद्या मुलाला हिशोब समजावावा तसं सांगू लागली. "तू कॉफी पिऊन गेलास. पहाटे गेला असं ती म्हणाली असती तर तो तू नव्हतास. पहाटे तू इथं घोरत होतास. म्हणून कधी विचारलं. ती म्हणाली, अर्धा तास. तुला जाऊन तासावर झाला होता. धक्क्यावरून उचलून इस्पितळात न्यायला किती वेळ लागतो? माझ्या डोक्यात तेवढंच आलं आणि पाय गेले."

"कुठला विचारलं असतंस तर एका शब्दात कळलं असतं."

"तेच तर," ती म्हणाली. "एका शब्दात कळलं असतं. आणि तो शब्द मेझोपान असता तर?"

खाली गल्लीतून कोणीतरी बूट वाजवत गेलं. ओलिंदोनं टेबलाची कड धरली. म्हणजे ते खुर्चीत कोसळणं त्याच्यासाठी होतं. ते रडणं त्याचं होतं, पूर्ण त्याचं, आणि तो ते तिथंच टाकून, चोरासारखा, दिवसभर धुक्यात स्वतःसाठी रडत फिरला होता. इथं शहाणा माणूस थांबला असता, उठून तिचा हात धरला असता. पण जे मन सदतीस वर्षं एकाच कामावर आहे ते एका संध्याकाळी निवृत्त कसं होणार? त्याला दिसलं की हिशोबात एक जागा अजून मोकळी आहे, आणि त्याला ती मोकळी ठेवता येईना.

"आणि ती पहाटे म्हणाली असती तर?"

"तर कळलं असतं की तो गेला."

"मग?"

"मग काय?"

"मग रडली नसतीस."

नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. कोणतीही बाई म्हणाली असती. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिला काय हवंय, काय नकोय हे त्याला पहिल्यांदाच अजिबात कळत नव्हतं. आर्मिदानं फडकं ओट्यावर ठेवलं, त्याच्या घड्या नीट केल्या.

"रडले असते," ती म्हणाली. "पण उभ्यानं."

उभ्यानं किती वेळ, हे विचारणं ओलिंदोच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं सूपचा भरलेला चमचा तोंडात घातला.